ब्रुकलँड्सचा घाट

पॉडकास्टच्या गर्दीवरच्या भागात मी एक वाक्य बिनधास्त ठोकून दिलं होतं. तुम्ही ऐकलं असेल तर आठवत असेल: शर्यतीचं मैदान बघणाऱ्यांसाठी बांधलेलं असतं, धावणारे तिथे पाहुणे. त्यावर एका श्रोत्याने मेल करून विचारलं, "ताई, कुस्तीच्या आखाड्याला हे लागू होईल, पण मोटारींच्या ट्रॅकला होतं का?" मी उत्तर लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीत अडकले. मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला जगातला पहिला ट्रॅक रीडिंगपासून तासा-दीड तासावर आहे. इथे चार वर्षं राहून मी तिथे एकदाही गेले नव्हते. म्हटलं, आधी बघून येऊ, मग तोंड उघडू.

रीडिंगहून वेब्रिजला थेट गाडी नाही. लंडन वॉटर्लूची गाडी पकडायची, व्हर्जिनिया वॉटरला उतरायचं आणि दुसरी घ्यायची. वाटेत ॲस्कॉट लागतं. तेच ते, राणी ॲनने १७११ साली सुरू केलेलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. जूनमध्ये या गाडीत उंच काळ्या टोप्या आणि पिसांच्या हॅट घातलेली मंडळी दाटीवाटीने उभी असतात. ॲस्कॉट वाटेत लागतं हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका, कारण आपण जिथे चाललोय त्या ब्रुकलँड्सचं अर्धं व्याकरण घोड्यांच्या मैदानावरून उचललेलं आहे.

झालं असं. १९०३च्या कायद्याने ब्रिटनमधल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती. इंग्रज कारखानदारांना आपल्या गाड्या पळवून बघायला जागाच नव्हती. ह्यू लॉक किंग या श्रीमंत जमीनदाराने वेब्रिजच्या आपल्या जमिनीवर काँक्रीटचा ट्रॅक बांधायला घेतला. लष्करातल्या कर्नल होल्डन यांनी आराखडा केला आणि शेकडो मजुरांनी नऊएक महिन्यांत तो उभा केला. खर्च दीड लाख पौंडांच्या घरात गेला. लॉक किंग आजारी पडले, कर्जात बुडाले, तेव्हा त्यांच्या पत्नी एथेल यांनी काम आणि हिशेब दोन्ही हातात घेतले. १७ जून १९०७ला उद्घाटनाच्या मिरवणुकीत पहिली गाडी चालवत होत्या त्या एथेलच.

पण मोटारींची शर्यत भरवायची कशी, हे कोणालाच माहीत नव्हतं. मग घोड्यांकडून उसनवारी झाली. गाड्या उभ्या करायच्या जागेला पॅडॉक म्हणायचं. सुरुवातीला गाड्यांवर नंबरसुद्धा नव्हते. जॉकीसारखे रंगीत झगे घालून चालक बसायचे आणि रंगावरून ओळखायचं. हँडिकॅपही तसाच: हळू गाडीला आधी सोडायचं, वेगवान गाडीला मागून, म्हणजे शेवटी सगळ्या एकत्र याव्यात. हे गणित वर्षानुवर्षं एबलव्हाइट नावाचे एक गृहस्थ करायचे, ज्यांचा एरवीचा धंदा वाद्यं विकण्याचा होता. मला हा तपशील फार आवडतो. ताल सांभाळणारा माणूस बरोबर जागी बसला होता.

आता ट्रॅक. मुख्य ट्रॅक, ज्याला आउटर सर्किट म्हणतात, तो पावणेतीन मैलांचा, म्हणजे साधारण साडेचार किलोमीटरचा, वेडावाकडा अंडाकार. रुंदी १०० फूट. दोन मोठ्या वळणांवर बाहेरची बाजू भिंतीसारखी वर उचललेली, एका ठिकाणी तर जवळजवळ तीस फूट. याला बँकिंग म्हणतात. वेगात आलेली गाडी वळणावर बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्ताच तिला कुशीत घेतो. आज या बँकिंगचे तुकडे उरलेत. मी गेले तेव्हा पाऊस थांबला होता, काँक्रीटच्या भेगांतून गवत आलं होतं. पायी वर चढायला गेलं की दोन पावलांत पोटऱ्या भरून येतात. इतका तिरपा रस्ता फोटोत कळत नाही.

या ट्रॅकवर काय होऊ शकतं? चालकाने पाय दाबून ठेवायचा. १९१३च्या फेब्रुवारीत पर्सी लॅम्बर्टने इथे एका तासात शंभर मैलांहून जास्त अंतर कापलं. जगात पहिल्यांदाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी वेगाच्या मागे लागून तो याच ट्रॅकवर गेला. १९३५च्या ऑक्टोबरमध्ये जॉन कॉबने ताशी १४३.४४ मैलांची फेरी मारली, २४ लिटरच्या विमानी इंजिनाची गाडी घेऊन. तो विक्रम कायमचा राहिला, कारण चार वर्षांनी ट्रॅकच बंद पडला. ती गाडी, नेपियर-रेल्टन, आजही तिथल्या संग्रहालयात आहे. वे नदीवरच्या पुलापाशी काँक्रीट खचून उंचवटा झाला होता आणि तिथे भरधाव गाडी चारही चाकांवर हवेत जायची. कॉबच्या गाडीचा तसा एक फोटो प्रसिद्ध आहे.

आणि बघणाऱ्यांचं काय? इथेच माझं वाक्य फसलं. ट्रॅक इतका मोठा की एका जागेवरून तो सगळा दिसूच शकत नाही. पावणेतीन लाखांवर माणसं मावतील असं बांधकामाच्या वेळी सांगितलं गेलं. पण मावणं वेगळं आणि दिसणं वेगळं. शंभर फूट रुंद काँक्रीटवर लांबून जाणारी गाडी सावकाश चालल्यासारखी वाटते, आणि हँडिकॅपमुळे पुढे कोण, मागे कोण याचा पत्ता लागत नाही. मधल्या मोकळ्या जागेत काय होतं? सांडपाण्याचं शेत! पुढे विमानं उडायला लागली तेव्हा काही हौशी वैमानिक थेट त्यात उतरले. थोडक्यात, हा ट्रॅक यंत्रासाठी बांधलेला होता. प्रेक्षक नंतर आठवला.

शिवाय कोणता प्रेक्षक, हाही प्रश्न होता. ब्रुकलँड्सची जाहिरात अशी असायची की इथे योग्य मंडळी भेटतील आणि गर्दीचा त्रास होणार नाही. मी गर्दीवर संशोधन करते, त्यामुळे मला हे जरा जास्तच टोचतं हे मान्य. पण तुम्हीच बघा, पावणेतीन लाखांची जागा बांधायची आणि गर्दी नाही म्हणून मिरवायचं! १९०८ साली इथे बायकांची एक शर्यत झाली, लेडीज ब्रेसलेट हँडिकॅप. म्युरिएल थॉम्पसन जिंकली, आणि ट्रॅक ज्यांनी बुडण्यापासून वाचवला त्या एथेल लॉक किंग दुसऱ्या आल्या. त्यानंतर क्लबच्या शर्यतींचं दार बायकांना बरीच वर्षं बंद झालं. १९३०च्या दशकात मात्र उंचीने पाच फुटांच्या आतली के पेट्री साडेदहा लिटरची डेलाज घेऊन ताशी १३४ मैलांवर फेरी मारत होती, आणि बिआट्रिस शिलिंग ही इंजिनियर मोटरसायकलवर ताशी १०६ मैल गाठून सोन्याचा तारा मिळवत होती.

शेजाऱ्यांची कटकट पहिल्या दिवसापासून होती. अधिकृत शर्यती सुरू व्हायच्याही आधी, जून १९०७मध्ये, सेल्विन एज नावाच्या गृहस्थाने चोवीस तास सलग गाडी चालवून १५८१ मैल कापले, ट्रॅकच्या कडेने रात्रभर कंदील लावून. गावाला झोप नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि रात्रीच्या शर्यती बंद झाल्या. म्हणून १९२९मध्ये चोवीस तासांची शर्यत करायची वेळ आली तेव्हा 'डबल ट्वेल्व्ह' काढली: बारा तास पळायचं, रात्री गाड्या कुलपात ठेवायच्या, सकाळी उरलेले बारा तास. लाउडस्पीकरवाल्या आणि हरकत घेणाऱ्या दोन्ही पक्षांच्या घरी वाढलेल्या माझ्यासारखीला हे ओळखीचं वाटतं.

आता गंमत बघा. या जागेवर पुढे जे जे ट्रॅक निघाले ते सगळे मला एका चुकीच्या दुरुस्त्या वाटतात. १९२६मध्ये इथे ब्रिटनमधली पहिली ग्रां प्री झाली. युरोपात अशा शर्यती खऱ्या रस्त्यांवर, वळणांवळणांनी व्हायच्या; इथे वळणच नाही. मग सरळ पट्ट्यावर वाळूचे बांध घालून खोटी वळणं केली. १९३०मध्ये माउंटन सर्किट आलं. नाव डोंगराचं, पण खरं तर फिनिशिंग स्ट्रेट आणि एका बँकिंगचा तुकडा जोडून केलेली सव्वा मैलाच्या आतली छोटी फेरी. गाड्या पुन्हापुन्हा प्रेक्षकांसमोर येतात, ब्रेक मारतात, घसरतात. पहिल्यांदाच चालकाचं कसब लोकांना दिसायला लागलं. तोवर डॉनिंग्टन पार्क सुरू होऊन स्पर्धा उभी राहिली होती, तेव्हा १९३७मध्ये मधल्या जागेतून डावी-उजवी वळणं घेणारं कॅम्बेल सर्किट निघालं. त्याचा आराखडा वेगाचे विक्रम करणाऱ्या माल्कम कॅम्बेलचा. सयामचा राजपुत्र बिरा इथे धावायचा. पण त्याला धड तीन हंगामही मिळाले नाहीत. ऑगस्ट १९३९मध्ये शेवटच्या शर्यती झाल्या आणि महायुद्ध आलं.

एकाच आवारात तीन ट्रॅक म्हटलं की आपल्याला सोय वाटते, हॉटेलच्या मेनूसारखी. मला ते एका भांडणाचे तीन टप्पे वाटतात. शर्यत घड्याळाशी की माणसाशी? आउटर सर्किटचं उत्तर घड्याळाशी. माउंटनचं उत्तर, समोर उभ्या असलेल्यांना काय दिसतं त्यावर. कॅम्बेलचं उत्तर दोन्हीच्या मधलं, आणि ते फार उशिरा आलं.

युद्धात इथल्या कारखान्यांत वेलिंग्टन बॉम्बर आणि हरिकेन बनत होते. ४ सप्टेंबर १९४०ला जर्मन हल्ल्यात व्हिकर्सच्या कारखान्यातले ऐंशीहून जास्त लोक मेले. युद्ध संपल्यावर जागा व्हिकर्सला विकली गेली. आज बँकिंगच्या आजूबाजूला सुपरमार्केट, ऑफिसं, मर्सिडीजचं मोठं दालन आहे. संग्रहालयात नेस सरोवरातून १९८५मध्ये वर काढलेलं एक वेलिंग्टन आहे. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. ज्या सिल्व्हरस्टोनचं नाव तुम्ही फॉर्म्युला वनमुळे ऐकलंय, ते युद्धात वेलिंग्टनवर प्रशिक्षण देणारं विमानतळ होतं. १९४८मध्ये तिथल्या ओस धावपट्ट्यांवर गवताच्या पेंढ्या मांडून ग्रां प्री घेतली गेली. म्हणजे ज्या विमानाने ब्रुकलँड्स गिळलं त्याच विमानाने सिल्व्हरस्टोन मागे ठेवलं. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमचीही तीच कथा: युद्धातली धावपट्टी, मग मोटारी.

संग्रहालयाबद्दल माझी तक्रार आहे, ती सांगूनच टाकते. जपणूक उत्तम आहे. गाड्या तेल पाजून चालत्या ठेवल्यात, स्वयंसेवक प्रेमाने बोलतात, काँकॉर्ड आहे, जुन्या बस आहेत. पण तिथल्या मांडणीचा कल यंत्राकडे आहे. मी दिवसभर फिरून कोणतं इंजिन किती लिटरचं हे पाठ करून आले. कुंपणाला टेकून उभ्या राहिलेल्या शिलिंगच्या तिकिटवाल्याला काय दिसायचं, हे मात्र मला कल्पनेनेच भरावं लागलं. पहिल्या ट्रॅकने जी चूक केली तीच स्मृतीतही होतेय असं मला वाटलं. अर्थात, वस्तू जपता येतात, नजर कशी जपायची हा सोपा प्रश्न नाही हे मलाही कळतं.

त्याचं एक उत्तर मला माझ्या रीडिंगच्या घरात मिळालं. माझे घरमालक सत्तरी ओलांडलेले आहेत. बूट ठेवायच्या कपाटाच्या वर त्यांनी एक खोकं ठेवलंय, त्यात स्पीडवेचे जुने कार्यक्रमपत्रक. स्पीडवे म्हणजे मातीच्या छोट्या अंडाकार ट्रॅकवर मोटरसायकलींची शर्यत. चार जण, चार फेऱ्या, ५०० सीसीच्या गाड्या, एकच गिअर आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि घसरतच पुढे जायचं. एक शर्यत मिनिटभरात खलास. पहिल्याला तीन गुण, मग दोन, एक, शून्य. रीडिंगचा संघ, रेसर्स, १९६८मध्ये टाइलहर्स्टला सुरू झाला. १९७३मध्ये त्यांनी ब्रिटिश लीग जिंकली, आणि त्याच वर्षी मैदान गेलं. १९७५पासून ए३३ रस्त्याजवळ स्मॉलमीडला नवं मैदान. १९८०, १९९० आणि १९९२ला पुन्हा लीग. त्यांचा स्वीडिश खेळाडू पेर जॉन्सन १९९०मध्ये जगज्जेता झाला. दर सोमवारी रात्री शर्यती. याच मैदानात ग्रेहाउंड कुत्रीही धावायची, मोटरसायकलच्या ट्रॅकला वेढून त्यांचा वेगळा ट्रॅक. २००८मध्ये स्मॉलमीड बंद झालं, पुढे पाडलं गेलं. तिथे बघण्यासारखं आता काही नाही. मी जाऊन आले, खरंच नाही.

पण खोक्यातली पत्रकं बघा. प्रत्येक पत्रकात शर्यतींचा तक्ता छापलेला आणि गुणांचे रकाने रिकामे. ते प्रेक्षकाने भरायचे. कोण पहिला, कोण पडला, बेरीज किती झाली. घरमालकांचं अक्षर १९७३च्या पत्रकात तरुण आहे, रेघा ठसठशीत. शेवटच्या हंगामात बारीक आणि थरथरतं. एका पत्रकावर चहाचा डाग आहे, एकावर बायकोच्या हातचा हिशेब, कारण ते तिकिटाच्या रांगेत अडकले होते. हे करता यायचं कारण ट्रॅक तीन-चारशे मीटरचा, कुठेही उभे राहा, चारही वळणं दिसतात. धुरळा तोंडावर येतो तेव्हा तुम्ही आपोआप शर्यतीत असता. माझं फसलेलं वाक्य स्मॉलमीडला शंभर टक्के लागू होतं. आणि नेमकं तेच मैदान गेलं, काँक्रीट नव्हतं म्हणून. लीग जिंकल्याच्या वर्षीच पहिलं मैदान हातचं जातं, यावरून जमिनीच्या भावापुढे खेळाची किंमत काय ते कळतं.

ब्रुकलँड्समधली एक जागा मी मुद्दाम शेवटी ठेवलीय. आवारात टेस्ट हिल नावाची चढण आहे, १९०९मध्ये बांधलेली, ३५२ फुटांची, सरळसोट. खाली आठास एक चढ, मग पाचास एक, वर चारास एक. गाडी चढते का आणि उतरताना ब्रेक धरतो का ते बघायला. एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. मी खाली उभी राहून वर पाहिलं आणि तोंडून निघालं, "अगं बाई, हा तर घाट!"

माझं आजोळ खेड तालुक्यात. तिकडे बैलगाडा शर्यतीच्या ट्रॅकला घाटच म्हणतात: सरळ चढण, दोन्ही अंगांना माणसं, एका वेळी एकच गाडा, पुढे घोडी आणि घड्याळाशी शर्यत. एक बारी अकरा-बारा सेकंदांत वर. सातारा-सांगलीकडे गाडे शेजारी-शेजारी सपाटीवर पळतात, तो निराळा ट्रॅक आणि निराळी शर्यत. म्हणजे आउटर सर्किट आणि माउंटन सर्किट यांच्यातला वाद आपल्याकडे दोन मुलुखांत वाटला गेलाय. पण घाटात घड्याळाशी शर्यत असूनही प्रेक्षकाला सुरुवातीपासून निशाणापर्यंत सगळं दिसतं, आणि दिसायचं राहिलं तर लाउडस्पीकरवरचा निवेदक सांगतो. लॉक किंग यांना न सुटलेलं गणित निमगावच्या खंडोबाच्या यात्रेत कधीच सुटलेलं होतं.

यावर मी लगेच छाती फुगवू शकत नाही. ७ मे २०१४ला सुप्रीम कोर्टाने या शर्यती बंद केल्या तेव्हा बैलाच्या वेदनेबद्दल जे म्हटलं ते खोटं नव्हतं. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला, तरी मोटार स्वतः इंजिन पेटवायला नाही म्हणू शकत नाही आणि बैल ज्या भाषेत नाही म्हणतो ती आपण ऐकत नाही, हा फरक उरतोच. दुसरं म्हणजे, मी स्वतः घाटात कधी उभी राहिले नाही. मामा न्यायचे ते मामेभावांना. मी, आजी आणि मावशी देवळाच्या भिंतीपाशी, तिथून फक्त धुरळा आणि निवेदकाचा आवाज. बारी किती सेकंदांची झाली हे मला नेहमी लाउडस्पीकरनेच सांगितलंय. तिथे कोणी पाटी लावली नव्हती. तरी योग्य मंडळी कोण, हे सगळ्यांना माहीत होतं.

टेस्ट हिल मी पायी चढले. वर पोचायला अडीच मिनिटं लागली, मध्ये एकदा थांबून. वरून आवाराचा एक कोपरा दिसतो, सगळं नाही.

घरी आल्यावर घरमालकांना फोटो दाखवले. पन्नासेक वर्षं रीडिंगमध्ये राहून ते ब्रुकलँड्सला कधी गेले नाहीत. "तिथे काय, उभ्या गाड्या," म्हणाले. २०२२मध्ये ऑक्सफर्डला स्पीडवे पुन्हा सुरू झाला तेव्हा मात्र ते पहिल्याच उन्हाळ्यात जाऊन आले होते. पुढच्या वेळी मलाही न्या म्हटलं, तर आधी त्यांनी रकाने कसे भरायचे ते शिकवलं: हेल्मेटचे रंग कोणते, पडलेल्याला काय लिहायचं, शून्याच्या जागी रिकामं सोडायचं नाही. आणि पेन्सिल आण म्हणाले, पेन नको. पाऊस आला की शाई पसरते.